कानबाईनं परत दिलेली गाठ

मान जिथे खांद्याला मिळते, त्याच्या जरा वर, डाव्या बाजूला ती गाठ पहिल्यांदा माझ्या बोटांना लागली, तेव्हा मी आरशासमोर मंगळसूत्र सारखं करत होते. बोराएवढी असेल. दाबली तर रबरासारखी दबायची, पण दुखत मुळीच नव्हती. दुखली असती तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. आपल्याकडे दुखण्याला मान आहे. जे दुखत नाही त्याची कोण विचारपूस करतो? मी पदर सारखा केला आणि कामावर गेले. पुढे कित्येक महिने जो गोंधळ झाला त्याची सुरुवात इतकी साधी होती, आणि त्या गोंधळातून मला बाहेर काढलं ते कुणी, या प्रश्नाचं माझ्याकडे आजही एकच एक उत्तर नाही. जे घडलं ते घडलं त्या क्रमानं सांगते. पटवून देण्याचा माझा आग्रह नाही.

मी जळगावात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, आम्ही ती वाळवतो, चाळतो, तपासतो आणि सांगतो की जमिनीत काय कमी आहे, काय जास्त आहे. केळीवाले जास्त, कापूसवाले त्यांच्या खालोखाल. अर्धं आयुष्य असं मातीत गेल्यामुळे असेल, पण माझा स्वभाव कोरडा आहे. आमचे हे वरणगावच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते, आता निवृत्त आहेत. त्यांचाही खाक्या तसाच, ठोकून पाहिल्याशिवाय भाजीवाल्याचा नारळसुद्धा घ्यायचा नाही. घरात देवघर आहे, दिवा लागतो, पण देवाशी माझं नातं शेजारणीसारखं होतं. दिसलं की हसायचं, सणाला वाटी न्यायची, एरवी आपापल्या घरात.

तर गाठ होती. मग संध्याकाळी बारीक कणकण येऊ लागली. उन्हाळा सुरू झाला होता आणि जळगावच्या उन्हाळ्यात कुणाचं अंग गरम नसतं? झोपेत इतका घाम यायचा की उशीचा अभ्रा बदलावा लागायचा. त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी पाळी जाण्याचं वय म्हटलं, आणि वय तेच होतं. अंगाला खाज सुटायची, विशेषतः आंघोळ झाल्यावर. कातडीच्या डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. वजन उतरलं तेव्हा तर बायकांनी कौतुकच केलं. "कोणतं डाएट करताय, आम्हालाही सांगा ना," असं प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या आणि मीही जरा मिरवून घेतलं. प्रत्येक तक्रारीला आपापलं सभ्य कारण मिळत गेलं. सगळ्या तक्रारी एकाच घरच्या आहेत, हे कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच. कुणी हलगर्जीपणा केला असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. ज्यानं जेवढं पाहिलं, त्यानं तेवढ्याचं बरोबर सांगितलं.

गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा तिच्यात सुई घालून पाणी तपासलं. आलेला रिपोर्ट धड ना इकडचा ना तिकडचा होता. त्यात क्षयासारखं काही दिसतंय, असं लिहिलं होतं. आपल्या भागात मानेच्या गाठी क्षयाच्या निघतात हे सगळ्यांना माहीत आहे. ताप आहे, घाम आहे, वजन उतरलंय, मग दुसरं काय असणार? क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी, तोंड कडू, पोटात सतत ढवळणं. मी निमूटपणे घेत राहिले. गाठीवर काहीच परिणाम नव्हता. उलट तिच्या शेजारी दुसरी आली, मग खाली तिसरी. ह्यांनी रोज सकाळी चहा पिता पिता माझी मान तपासायचा नेम धरला आणि एक दिवस कप खाली ठेवून म्हणाले, "हे औषध या रोगाचं नाही. किंवा हा रोग या औषधाचा नाही."

मग आम्ही जळगावातल्याच एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. कमी बोलणारा माणूस. त्यांनी मान, काखा, पोट सगळं हातानं चाचपलं, जुने रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, "सुईनं चिमूटभर पेशी येतात. या गाठीचं चिमटीनं कळणार नाही. अख्खी गाठ काढून तपासावी लागेल. मला लिम्फोमाची शंका आहे." तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, लसिकेच्या गाठींचा कॅन्सर, असं त्यांनी समजावलं. तो फार सोंगं घेतो, कधी क्षयाचं, कधी साध्या संसर्गाचं, म्हणून मोठ्या माणसांत बरेचदा उशिरा सापडतो, असंही म्हणाले. क्षयाच्या गोळ्या त्यांनी थांबवल्या. ऑपरेशन छोटंसंच होतं, पण मी घाबरले. गाठीला चाकू लावला की ती पसरते, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. मी विज्ञान शिकलेली बाई, पण भीतीनं कधी कुणाचं शिक्षण विचारलंय?

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलून आम्ही शिरपूरकडे गेलो. तिथून पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एक जण गाडी घेऊन येतो आणि गाठीवर पुडी देतो, असं ह्यांच्या एका मित्रानं सांगितलं होतं. तो तिथला नव्हता, कुठून यायचा तेही कुणाला ठाऊक नव्हतं. झाडपाल्याची पूड आहे, नुकसान तर काही नाही, असं तो प्रत्येकाला म्हणत होता. नारळ ठोकून घेणाऱ्या माझ्या नवऱ्यानं ती पुडी मात्र वासही न घेता खिशात टाकली. त्यांना दोष देत नाही. माणूस बायकोच्या मानेवरच्या गाठी रोज मोजत असला की त्याची तपासणी कुठेतरी ढिली पडतेच.

त्याच रात्री पुडी घेण्यापूर्वी मी देवघरासमोर बसून कानबाईला नवस बोलले. कानबाई ही आमच्या खानदेशची माय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. ह्यांचं मूळ घर धुळ्याला आहे. तिथे थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, सगळ्या भाऊबंदांची कानबाई करतात. मी म्हणाले, "माय, ही गाठ जाऊ दे. गेली तर यंदा नदीवर तुला मी डोक्यावर घेऊन जाईन." इतकी वर्षं आरतीला मागे उभी राहणारी, प्रसाद झाला की बसच्या वेळा पाहणारी मी. पण गरज पडली की शेजारीण आठवतेच.

आणि गाठ गेली. खरोखर, डोळ्यांदेखत. चार-सहा दिवसांत कणकण थांबली, खाज थांबली, भूक अशी लागली की मी दुपारच्या डब्यानंतर पुन्हा पोहे खायची. आठवडा-दोन आठवड्यांत मानेवर जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी उरलं. चेहरा भरला, गालांवर तकतकी आली. झोप मात्र उडाली होती, पण आनंदानं उडाली असेल असं मी धरलं. मी हे सगळं कानबाईच्या खात्यावर टाकलं. पुडी निमित्त, करणारी ती. देवघरासमोर बसले की उठावंसं वाटायचं नाही, आणि माझ्यासारख्या कोरड्या बाईला ते बसून राहणं फार सुखाचं वाटलं.

हे मात्र अडून बसले. "कमी झालं हे ठीक, पण का कमी झालं ते कळल्याशिवाय पेटी पुढे सरकवायची नाही," हा त्यांचा कारखान्यातला नियम. म्हणून उरलेला तो दाणा डॉक्टरांनी काढला आणि तपासायला पाठवला. ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "सध्या कोणतं औषध चालू आहे?" मी म्हणाले, "क्षयाचं तुम्हीच बंद केलंत. बाकी काही नाही." मी खोटं बोलले नाही. पुडी औषधांत मोडते, हे माझ्या मनातच नव्हतं. औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं, दुकानातून आणलेलं. पुडी म्हणजे पुडी. ह्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रिपोर्ट आला, त्यात ठाम असं काहीच नव्हतं. मी पेढे आणायला निघाले होते. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा माझी मान चाचपली आणि म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला असं समजू नका. रिपोर्ट आलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांनी या." काही लोकांना चांगलं बघवतच नाही, असं मला त्यांच्याबद्दल वाटलं. पंधरा दिवसांनी मी गेले नाही, कारण श्रावण लागला होता आणि मला धुळ्याला जायचं होतं.

ज्यांनी कानबाई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिचे रोट असतात. प्रत्येक घराच्या नावानं गहू मुठीनं मोजून घ्यायचे, निवडायचे, धुवायचे, आणि ते दळण्यासाठी गिरणीवाला गिरणी धुऊन देतो. त्या पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट, सोबत खीर, पुरणपोळी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे रोट भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या अक्कांच्या घरात याचे नियम फारच कडक. गहू निवडायला बसलं की त्या दिवसापासून रोट सरेपर्यंत बाहेरचं काहीही तोंडात घालायचं नाही. चहाची टपरी नाही, फरसाण नाही, पानसुपारी नाही. माझे दीर या दिवसांत तंबाखूसाठी तळमळताना मी दर वर्षी पाहिले आहेत, पण अक्कांपुढे त्यांचं काही चालत नाही.

गहू निवडण्याच्या दिवशी दुपारी मी पुडी पाण्यात सोडून पेला तोंडाला लावत होते, तर अक्कांनी पाहिलं. त्या अहिराणीतच बोलतात.

"काय शे ते?"

"गाठीची पुडी आहे, अक्का. शिरपूरकडची."

"ऱ्हाऊ दे ती. रोट सरेपावत बाहेरनं काहीच तोंडमा घालानं नही."

"अहो, पण ही झाडपाल्याची आहे. पोटात जाऊन शुद्धच."

"आभायमाईन पडनी का ती?" अक्कांनी सूप खाली ठेवलं. "बाहेरनीच शे ना? मंग ठेव बांधीसन. माय बसनी घरमा, तिले काय वाटी?"

माझे हे मध्ये पडू पाहत होते, पण थोरल्या वहिनीपुढे त्यांची बोलायची प्राज्ञा नाही. शिवाय गाठ तर गेलीच होती. ज्या मायनं गाठ नेली तिच्यासाठी थोडे दिवस पुडी सोडायला काय हरकत, असा हिशेब मी केला. अक्कांनी पुड्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि अंगणात पडवीच्या खुंटीला टांगली, चपलांच्या वर.

रविवारी कानबाई बसली. केळीच्या खांबांचं मखर, देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ, डोळे, हळदीकुंकू, नवं पातळ. बायकांची गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी पांझरा नदीवर निघताना अक्कांनी माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर पाटासकट माय दिली. नवस सगळ्यांना माहीत होता. वाजंत्री पुढे, बायका मागे, मध्ये मी. मान ताठ ठेवावी लागते, नाहीतर पाट कलतो. मला अशक्त वाटत होतं, पण ते कौतुकाच्या भरात मी मनावर घेतलं नाही. नदीवर पाण्यात पाय बुडवून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माय, तू माझं ऐकलंस." आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर मला माझी लाज वाटली नाही.

त्यानंतरचे दिवस रोट खात धुळ्यालाच काढायचे होते. अंग मोडून यायला लागलं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, सांधे ठणकायचे, रोटाचा घास फिरायचा. दमणूक असेल म्हणून मी पडून राहिले. मग एका सकाळी पदर सारखा करताना बोटं थांबली. गाठ होती. हरभरा नव्हे, पहिल्यापेक्षा मोठी, आणि दोन्ही बाजूंना. संध्याकाळी कणकण आली. पौर्णिमा यायच्या आत माझी मान एका बाजूला सुजून अशी दिसायला लागली की लेकरं माझ्याकडे बघून गप्प व्हायची.

त्या दिवसांत मला काय वाटलं ते लपवत नाही. राग आला. भीती नंतर आली, आधी राग. मी मागितलं, तिनं दिलं, मी कबूल केलेलं फेडलं, आणि फेडल्यावर तिनं दिलेलं काढून घेतलं. असा व्यवहार तर आमच्या बाजारात व्यापारीही करत नाहीत. घरात कुजबुज सुरू झाली की सोवळ्यात काहीतरी चुकलं. माय डोक्यावर असताना पाट कलला होता, असं कुणाला तरी आठवलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अक्का येऊन बसल्या, माझी मान त्यांनी आपल्या खरखरीत हातानं वळवली आणि बराच वेळ पाहिली.

"रडू नको वं," त्या म्हणाल्या. "तुन्हं काहीच चुकनं नही."

"मग तिनं परत का दिली गाठ, अक्का?"

"माले काय ठाऊक? माले इचारीसन थोडी दिधी तिनं." मग म्हणाल्या, "दिधी ते दिधी. आते डाक्टरले दखाडा. झाकी ठेवू नका."

एवढंच. समजूत नाही, अंगारा नाही, देवीचा कोप नाही. तिनं गाठ दिली आहे तर ती घेऊन जिथे जायचं तिथे जा, इतका सरळ त्यांचा विचार. मला आठवतंय, ते ऐकून माझा राग एकदम उतरला नाही, पण मी उठून बसले. बाकीचे रोट संपेपर्यंत अक्कांनी मला थांबवलंही नाही. माझ्या वाटचा रोट फडक्यात बांधून दिला आणि म्हणाल्या, वाटेत खा, पौर्णिमेच्या आत संपव.

जळगावला पोचल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रक्तदाब पाहिला, कपाळाला आठ्या पडल्या. "हे एकदम कसं झालं? काय बदल केलात?" मी म्हणाले, काहीच नाही. आणि मग, अगदी सहज, जसं आपण घरची खबर सांगतो तसं, "धुळ्याला रोट होते ना, त्यामुळे पुडीसुद्धा बंद होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसली पुडी?"

ह्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, पण आवाज खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. अशा पुड्यांमध्ये बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, असं ते म्हणाले. भूक लागते, ताप जातो, चेहरा भरतो, झोप उडते. आणि नेमक्या याच आजारातल्या गाठी त्यानं काही दिवस वितळतात. रोग जात नाही, फक्त लपतो. अशा वेळी गाठ काढून तपासली तर तिच्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. "म्हणून तुमचा रिपोर्ट कोरा आला. आणि अशी पुडी एकदम बंद करणंही जिवावर बेततं, अशक्तपणा त्यामुळेच आहे. हे दोन्ही तुम्ही पुन्हा करायचं नाही." मग त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. "पण आता ही गाठ खरी आहे. आता ती सांगेल."

आणि मला हसू आलं. खुर्चीत बसल्या बसल्या, डोळ्यांत पाणी असताना, मला हसू आवरेना. ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. अर्धं आयुष्य मी शेतकऱ्यांना एकच वाक्य सांगत आले आहे: खत टाकल्यावर लगेच माती आणू नका. शेणखताच्या ढिगाऱ्याजवळची, बांधावरची, नुकतंच खत दिलेल्या वाफ्यातली माती आणाल तर आमचा रिपोर्ट खोटा निघेल. जमीन भुकेली असेल आणि कागद म्हणेल तिचं पोट भरलंय. जामनेरकडच्या एका आबांना मी यावरून तीनदा परत पाठवलं होतं, त्यांनी मला मनातून शिव्याही घातल्या असतील. आणि मी स्वतः, मान भरून खत टाकून, तपासायला बसले होते! डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

मला भरती करून घेतलं. आधी अंगात ताकद आणली, मग एक अख्खी गाठ नीट काढली. तिच्या तपासण्या इथे होण्यासारख्या नव्हत्या, त्यासाठी नमुना मोठ्या शहरात गेला. वाट पाहण्याचे ते दिवस फार लांब होते. मी देवघरासमोर बसायची, पण मागण्यासारखं काही सुचायचं नाही. काय मागू? आधी मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि तेच मला बुडवायला निघालं होतं. माझी अक्कल कुठवर पोचते, ते मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. रिपोर्ट आला. लिम्फोमा होता, कोणत्या जातीचा तेही कळलं, आणि त्या जातीवर औषध आहे हेही. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने पुडीच्या आडून हा वाढत राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. मला वाईट बातमी ऐकून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. अखेर माझ्या तक्रारींना एकच नाव होतं.

केमोथेरपीबद्दल लिहीत नाही. ज्यांनी घेतली त्यांना माहीत आहे, ज्यांनी घेतली नाही त्यांना वाचून कळायचं नाही. केस गेले, नखं काळी पडली, तोंडात जखमा झाल्या. ह्यांनी उठून स्वयंपाक केला आणि मीठ दोनदा घातलं, मला चवच नव्हती म्हणून ते निभावलं. आता स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर पुढचं वचन देत नाहीत आणि मीही मागत नाही. दर काही महिन्यांनी जाते, ते मान चाचपतात, मी छताकडे बघते.

लोक विचारतात, मग कानबाई पावली की नाही? प्रयोगशाळेतली मी म्हणते, स्टिरॉइड बंद झालं, रोग उघडा पडला, सरळ गोष्ट आहे. त्यात देवीचं काय? पण मग मी विचारते की ते बंद कुणी केलं? डॉक्टरांनी नाही, त्यांना ठाऊकच नव्हतं. ह्यांनी नाही, मी तर नाहीच, मी पेला तोंडाला लावला होता. रोटाच्या नियमानं बंद केलं. अक्कांनी केलं म्हणावं तर अक्कांना पुडीत काय आहे ते माहीत नव्हतं. आजही त्यांना स्टिरॉइड हा शब्द नीट म्हणता येत नाही. ज्या नियमांना मी दर वर्षी आतून कंटाळायची, घड्याळ बघत पाळायची, त्यातल्या एकानं माझ्या हातातला पेला काढून घेतला. देवीला नवस बोलून मी गिळलेली पूड देवीच्याच नावानं थांबली. याहून जास्त मला सांगता येत नाही. इतकं मात्र वाटतं की मी तिच्याकडे गाठ जावी म्हणून रडत होते, आणि माझा जीव वाचायला ती गाठ असणं भाग होतं. मी नको म्हणत होते, तरी तिनं ती दिली. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे, आणि त्याहून जास्त यासाठी की तिनं माझं ऐकलं नाही.

यंदा श्रावणात पुन्हा धुळ्याला गेले. डॉक्टरांना आधीच विचारून गेले. त्यांनी केमोनंतर चालू असलेल्या माझ्या गोळ्यांची चिठ्ठी अक्कांच्या नावानं लिहून दिली, या बंद करायच्या नाहीत म्हणून. अक्कांनी ती चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि देवीच्या पाटाजवळ ठेवली. "मायनं मान्य करं," म्हणाल्या, "खा तू." घरातल्यांना हसू आलं, पण गोळ्या चुकल्या नाहीत.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी मागे उभी होते. या वर्षी नवस नव्हता, काही मागणं नव्हतं. केस नुकते बोटाच्या पेराएवढे वाढलेले, पदराखाली लपवलेले. मानेवर आडवी खूण आहे, तीही पदरानं झाकलेली. अक्का आल्या आणि मला हाताला धरून पुढे घेतलं. मी म्हणाले, "अक्का, यंदा माझं काही नाही. मी काही बोलले नव्हते."

"मंग चांगलं शे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरचा पदर त्यांनी मागे सारला. सगळ्यांसमोर. ते तुरळक, राखी केस उघडे पडले, मानेवरची खूण उघडी पडली. मी पदराकडे हात नेला तर त्यांनी तो खाली दाबला. हळदीचं बोट घेऊन त्या खुणेवरून फिरवलं. मग चुंबळ हातात घेऊन उलगडली, तिच्यात आणखी एक फडकं गुंडाळून ती जाड केली.

"नवा केस शेतस," म्हणाल्या. "टोचाले नको."

शेतकऱ्यांना मी सांगते तेच मला तेव्हा आठवलं: जमीन जशी आहे तशी आणा, वरून काही टाकू नका. मी तशीच उभी होते. वरून काही टाकलेलं नव्हतं, मागणं नव्हतं, फेड नव्हती. वाजंत्री सुरू झाली. अक्कांनी पाट उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मी मान ताठ केली. माय गेल्या वर्षीइतकीच जड होती, आणि या वेळी मी तिला काही न बोलता नदीपर्यंत नेलं.